थोरलां की धाकटां

"एका घराक एकच कुत्रो," आये म्हणाल्या आणि सुपातले तांदूळ पुन्हा पाखडायला लागल्या. म्हणजे विषय संपला.

पिल्लं मात्र दोन होती. खळ्यात, म्हणजे कोकणातल्या सारवलेल्या अंगणात, एक खताच्या गोणीवर बसलं होतं. काळं कुळकुळीत, भुवयांवर तपकिरी ठिपके, आणि पंजे असे की बाकीचं कुत्रं मागाहून येणार आहे असं वाटावं. दुसरं माझ्या मांडीवर होतं. पांढरं, लोकरीच्या गुंड्याएवढं, आणि घरात आल्यापासून ते भुंकायचं थांबलं नव्हतं. काळं पिल्लू माझ्या मोठ्या दिरांनी, पुंडलिकभावजींनी, म्हापशाहून आपल्या मेहुण्याकडून आणलं होतं. पांढरं मी माहेरून, गडहिंग्लजहून, एसटीत मांडीवर घेऊन आणलं होतं. एकमेकांना न विचारता एकाच आठवड्यात आम्ही कुत्री आणली, आणि दोघांनाही दुसऱ्याचा राग आला.

लग्न होऊन मला तेव्हा दोन वर्षं झाली होती. घाटावरची मुलगी कोकणात जाऊन पडली याला कारण आमचे हे. आयटीआय शिकायला ते आमच्या गावात खोली घेऊन राहिले होते. घरात सासूबाई, ज्यांना सगळे आये म्हणत, मोठे दीर आणि जाऊबाई, आणि आम्ही दोघं. सासरे कधीच गेले होते. मूलबाळ अजून कुणाला नव्हतं, त्यामुळे भांडायला विषय कमी पडत. कुत्र्यांनी ती सोय केली.

भावजींचं म्हणणं, माकडं. ते काही खोटं नव्हतं. घरामागे नारळ, फणस आणि काजूची बाग, आणि बागेत माकडांचा राबता. कोवळे नारळ पाडायचे, फणस अर्धे खायचे आणि अर्धे फेकायचे, आणि जाता जाता घराच्या छपरावरचे नळे, म्हणजे कौलं, सरकवून जायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. भावजी म्हणत की हे रॉटवायलर जातीचं कुत्रं वर्षभरात वासराएवढं होतं. एकदा ते मोठं झालं की बागेत माणूस असला काय आणि नसला काय, सारखंच.

माझं म्हणणं, सोबत. आये दिवसभर घरात असतात, आम्ही सगळे आपापल्या कामात. हे पामेरियन पायात पायात करील, उशाशी झोपेल, जीव लावील. पामेरियन हा शब्द जाऊबाईंना जमेना. रेशनच्या दुकानात पूर्वी पामतेलाचे डबे यायचे, त्यावर काहीतरी जवळपासचं लिहिलेलं असायचं, म्हणून त्या त्याला पामोलीन म्हणायला लागल्या. मग सगळी वाडीच म्हणायला लागली.

आता खरं सांगते. सोबतीचं कारण खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं होतं की कोल्हापुरात एका कारखान्यात यांना फिटरची नोकरी लागली होती. शिमगा झाला की हजर व्हायचं होतं. खोलीसुद्धा बघून ठेवली होती. नळ घरात, मोरी घरात. त्या मोरीचं तर मला वेड लागलं होतं. विहिरीचं पाणी शेंदून माझ्या खांद्याचं पार पोतेरं झालं होतं. सगळं ठरलं होतं, फक्त आयेंना सांगायचं राहिलं होतं. आमचे हे आईसमोर पेज वाढून घेण्यापलीकडे तोंड उघडत नसत. भावजी दिवसभर बागेत, आणि जाऊबाई आयेंशी मीठमसाल्यापुरतं बोलत. आयेंशी बोलायची ती मी, आणि भांडायची तीही मीच. मी गेले तर म्हातारी भिंतींशी बोलणार हे मला कळत होतं. म्हणून ते पिल्लू. पिल्लू घरात रुजलं की मी सुटले. आणि आयेंनी ते परत पाठवलं तर मला कोल्हापूरचं नाव काढायला तोंड उरणार नव्हतं.

म्हणून मी त्या पिल्लासाठी जिवाचं रान केलं. जाऊबाईंनीही केलं, त्यांच्या काळ्यासाठी. त्या म्हणत, बिबट्या वाडीत येतो, तुझं पामोलीन म्हणजे त्याची न्याहारी. मी म्हणे, तुमचं काळं एका गड्याचा भात खाईल आणि गड्याएवढंही काम करणार नाही. एकदा माकडांची टोळी आली तेव्हा दोघांची परीक्षा झाली. काळं पिल्लू माकडांना बघून शेपूट हलवत पुढे गेलं, एका माकडिणीनं दात दाखवले तसं न्हाणीघरात जाऊन चुलीमागे बसलं. पांढरं खळ्यात उभं राहून भुंकायला लागलं. माकडं वईवर, म्हणजे कुंपणावर, रांगेनं बसली आणि दशावतार बघायला बसावीत तशी त्याच्याकडे बघत राहिली. त्याचा घसा बसल्यावर नारळ घेऊन निघून गेली.

निकाल लागला नाही. भावजी म्हणाले ते अजून लहान आहे. मी म्हटलं हे निदान बोललं तरी. जेवताना कुणी कुणाशी बोलेना. भावजींचा आवाज तर कधी चढत नसे, पण त्या दिवसांत काळ्याचं नाव काढलं की चढायचा. कुत्र्यासाठी इतकं पेटणारा माणूस मी पाहिला नव्हता, स्वतःला सोडून.

शेवटी आये म्हणाल्या, देवाला विचारू.

तिकडे ही रीत आहे. गावाच्या देवळात जायचं, गुरव देवाला गाऱ्हाणं घालतो, म्हणजे अडचण देवाच्या कानावर घालतो. मग ओल्या पाषाणाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला फुलाची एकेक कळी चिकटवतात. ज्या बाजूची कळी आधी पडेल तो देवाचा कौल. विहीर कुठे खणायची, फणस तोडायचा की नाही, मुलगी द्यायची की नाही, सगळं त्या कळ्यांवर. एकदा कौल झाला की त्यावर गावात कुणी दुसरं तोंड उघडत नाही. मला आतून हसू येत होतं. कुत्र्यासाठी देव! पण मी होकार दिला, कारण देव काही झालं तरी भावजींपेक्षा निःपक्षपाती असणार.

सोमवारी सकाळी आम्ही सगळे रवळनाथाच्या देवळात गेलो. पिल्लं घरी बांधली होती. देवळात वाडीतले आणखी दहाबारा लोक होते, ते नेहमी असतात. दुसऱ्याचं गाऱ्हाणं ऐकायला कोणाला आवडत नाही. दाजी गुरव सोवळं नेसून उभे राहिले आणि तिथेच अडले. देवासमोर कुत्र्याचं नाव कसं घ्यायचं? आजवर त्या गाभाऱ्यात कुणी घेतलं नव्हतं. भावजी म्हणाले, राटवालर म्हणा. गुरवांना ते म्हणता येईना. तेव्हा आये मागून म्हणाल्या, नाव कशाला, देवाला सगळं ठाऊक असतं. थोरलां आणि धाकटां म्हणा.

गुरवांनी हात जोडले.

"बा देवा रवळनाथा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो.

"आज ह्या राऊळांच्या घरातली तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली हत."

"व्हय म्हाराजा!"

"त्येंच्या घरात एक थोरलां हा, एक धाकटां हा. दोघांपैकी एकच रवतलां."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या म्हातारेच्या सोबतीक थोरलां रवांदे की धाकटां रवांदे, ता तू सांग. आणि दुसऱ्याक सुखान जावंदे."

या वेळचं "व्हय म्हाराजा" वाडीकरांनी म्हटलं. आमच्या घरातल्या कुणाच्याच तोंडून ते निघालं नाही.

कारण असं. माझं नाव उज्ज्वला. त्या घरात ते लग्नपत्रिकेवर छापलं होतं तेवढंच. मालवणीत पोरीबाळींबद्दल, तरण्या सुनांबद्दल नपुंसकलिंगात बोलायची रीत आहे. ती कुठे गेली असं नाही म्हणायचं; ता खंय गेलां, असं म्हणायचं. जाऊबाई म्हणजे थोरलां, मी म्हणजे धाकटां. सुरुवातीला मी चिडले होते, मी काय भांडं आहे का म्हणून. मग सवय झाली. आणि पिल्लंही तिकडे थोरलां आणि धाकटांच.

देवळातल्या बाकी कुणाला कौल कुत्र्यांसाठी आहे हे ठाऊक नव्हतं. राऊळांच्या म्हातारीनं आपल्याजवळ कोणती सून राहावी हे देवाला विचारलं, एवढंच त्यांना ऐकू आलं. बायकांनी माना हलवल्या. शहाणी म्हातारी, वेळेवर विचारलं.

गुरवांनी उजवीकडे थोरलांची आणि डावीकडे धाकटांची कळी लावली. मी डोळे मिटले आणि सकाळपासून घोकत आलेलंच सवयीनं म्हणायला लागले, देवा, धाकटां राहू दे, धाकटां राहू दे. तिसऱ्यांदा म्हणताना माझ्या लक्षात आलं की मी काय मागते आहे. घाईघाईनं म्हटलं, नको, थोरलां राहू दे. म्हणजे ते काळं धूड राहू दे, माझं पिल्लू मी माघारी नेते, पण मला जाऊ दे. डोळे उघडले तर शेजारी जाऊबाईंचे ओठ हलत होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि त्या पुटपुटत होत्या, "धाकटां, धाकटां, धाकटां."

आठवडाभर ज्या बाईनं माझ्या पिल्लाला बिबट्याची न्याहारी म्हटलं, ती त्याच्यासाठी देवाच्या पाया पडत होती. मला काहीच कळेना.

डावी कळी पडली.

जाऊबाईंनी इतका मोठा सुस्कारा टाकला की गुरवांनी मागे वळून पाहिलं. आणि भावजी, जे जन्मात कधी चारचौघांत बोलले नव्हते, तिथल्या तिथे आईसमोर हात जोडून उभे राहिले. म्हापशाला मेहुण्यानं हॉटेल टाकलं होतं, भागीत घ्यायला तयार होता, शिमग्यानंतर दोघांनी जायचं होतं. थोरल्या मुलानं घर सोडायचं कसं म्हणून इतके दिवस तोंड उघडत नव्हतं. बागेला राखण आणि आयेला आधार म्हणून तो कुत्रा आणला होता. आता देवानंच सांगितलं की धाकट्यांनी राहायचं, तर माझा मार्ग मोकळा झाला, असं ते एका दमात म्हणाले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते आमच्या घरात दोन्ही खोल्यांत पडलं होतं.

आये त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जा."

माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. वाटेत वाडीतल्या दोनतीन बायकांनी माझा हात धरून सांगितलं की बरं झालं, तूच राहिलीस, तूच त्या घराला शोभतेस. मी मान डोलवत होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

घरी आल्यावर मी यांना खोलीत गाठलं. म्हटलं, आत्ता जाऊन आईला सांगा, प्रश्न कुत्र्याचा होता. हे कॉटवर बसले आणि पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, प्रश्न कसलाही असो, गावानं काय ऐकलं ते महत्त्वाचं. कौल मोडून गेलो तर आईला देवळात तोंड दाखवता येणार नाही. कारखान्याला कळवून टाकतो, येत नाही म्हणून. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. मी बाहेर गेले.

मागच्या पडवीत आये ओले काजूगर काढत बसल्या होत्या. हिरव्या बिया चिरायच्या आणि काडीनं आतला गर सोडवायचा. त्याचा चीक बोटं जाळतो, म्हणून त्या मधेमधे राखेत हात घालत. पांढरं पिल्लू त्यांच्या लुगड्याच्या काठावर झोपलं होतं. मी समोर बसले, विळी ओढली, एक बी चिरली. आमच्या दोघींत काम हातात असल्याशिवाय कधी बोलणं झालं नव्हतं.

मी म्हटलं, "आये, प्रश्न कुत्र्याचा होता ना?"

"कुत्र्याचोच होतो."

"मग गावातले लोक म्हणतायत..."

"लोकांचां लोकांक." त्यांनी गर सोडवून वाटीत टाकला. "तुझां सांग. देवाक मी इचारलंय. तुका कोणी इचारल्यान नाय. आता मी इचारतंय. रवतंस काय जातंस?"

राहते म्हणायला हवं होतं. चांगली सून तेच म्हणाली असती, आणि माझी जीभ तशी वळलीही होती. पण मला खरंच कुणी विचारलं नव्हतं, यांनीसुद्धा नाही. आणि आता विचारलं होतं तर खोटं बोलवेना.

"जाते," मी म्हटलं. "कोल्हापूरला. यांना नोकरी लागली आहे."

"माका ठावक होतां."

"कुणी सांगितलं?"

"कुत्र्यांनी." आये राखेत बोटं चोळत म्हणाल्या. "रवणारो माणूस सोबतीक कुत्रो आणीत नाय."

मला रडू फुटलं. चिकाचे हात डोळ्यांना लावता येईनात, म्हणून तशीच नाक ओढत बसले. थोड्या वेळानं मी विचारलं की तुम्हाला कुणी विचारलं का, तुम्हाला काय हवंय ते.

"माका इचारून काय? मी खंय जातलंय?" असं म्हणून त्यांनी माझ्या हातातली बी काढून घेतली, कारण मी ती वेडीवाकडी चिरली होती. मग लुगड्यावरच्या पिल्लाला मानेला धरून उचललं, उलटंपालटं करून पाहिलं आणि परत ठेवलं. "ह्यां हयसर रवांदे. देवान सांगल्यान, धाकटां रवांदे. देवाचो शब्द मी मोडूचंय नाय. तुमी दोघांनी जावा."

आणि ती बाई तो शब्द अक्षरशः पाळून मोकळी झाली. वाडीत चर्चा झाली नसती तर नवल. धाकटी सून कौल मोडून चालली म्हणून चार बायका विचारायला आल्या. आयेंनी पडवीतून न उठता सांगितलं की कौल कुत्र्याचा होता, गुरवाला विचारा. दाजी गुरवांनाही छातीवर हात ठेवून सांगावं लागलं की होय, कुत्र्याचाच होता. त्यावर देवाकडे कुत्री नेल्याबद्दल गावानं महिनाभर त्यांना हसून घेतलं.

शिमगा झाल्यावर एकाच आठवड्यात घर रिकामं झालं. आधी भावजी गेले, काळ्याला टेम्पोत घालून. देवाला तो नको होता. पुढे ऐकलं की तो खरंच वासराएवढा झाला आणि हॉटेलच्या गल्ल्याखाली झोपून असायचा. मग आम्ही निघालो. एसटी येईपर्यंत आये फाट्यावर उभ्या होत्या, पिल्लू काखेत. मी पाया पडले. त्या यांना म्हणाल्या की खोलीच्या दाराला कडी नीट आहे ना बघ. पिल्लू माझ्या दिशेनं अंग टाकायला लागलं, तेव्हा त्यांनी ते पदरात घट्ट धरलं.

कोल्हापुरात मी सुखात होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही. मोरी घरात होती. पहिले काही दिवस मी नुसती नळ सोडून पाण्याकडे बघत बसायचे. तरी संध्याकाळी भात वाढताना कुणीतरी त्यात खोड काढावी असं वाटायचं, आणि यांना खोड काढता येत नसे.

गणपतीला सगळे गावी गेलो. म्हापशाहून भावजी आणि जाऊबाईही आले होते. घर सारवलेलं, छपराचे नळे जागेवर, बाग माकडांनी नेहमीसारखी अर्धी नेलेली. आये थोड्या वाळल्या होत्या, पण आवाज तोच. मी न्हाणीघरात भांडी घासायला बसले. आयेंनी मला नको म्हटलं होतं, तरी सवयीनं बसलेच. तेवढ्यात आतून हाक आली.

"धाकटां खंय गेलां गो?"

मी हातातली कढई टाकली आणि ओल्या हातांनी स्वयंपाकघराकडे धावले. कितीतरी महिन्यांनी ती हाक ऐकली होती आणि मला इतका आनंद झाला होता की उंबऱ्याला ठेच लागली तीही कळली नाही. दारात माझ्या पायांमधून एक पांढरं काहीतरी सुळकन आत गेलं. आयेंच्या हातात दहीभाताची थाळी होती. कुत्रं मागच्या पायांवर उभं राहून शेपूट हलवत होतं. त्याचं नाव त्यांनी धाकटां ठेवलं होतं.

आयेंनी वर पाहिलं. मी दारात उभी, हातातून पाणी गळतंय. त्यांनी थाळी खाली ठेवली आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "तू नाय गो. तू पावणी. तू बस भायर."

मी हात पुसले आणि बाहेर पडवीत आले. बाकावर जाऊबाई आधीच बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून. त्यांनी सरकून मला जागा दिली.